एकतीस वर्षं ज्या वाटेनं गाडी नेली, तिथं उतरलो तेव्हा

आमचे हे एसटीत ड्रायव्हर होते. एकतीस वर्षं. सातारा, कराड, पाटण, चिपळूण, सांगली, मिरज या सगळ्या वाटा त्यांच्या हाताखालून गेलेल्या. कुठल्या वळणाला गिअर टाकायचा, कुठल्या पुलावर समोरच्याला आधी जाऊ द्यायचं, सगळं पाठ. पण उतरून पाहिलेलं काही नाही. मागे पन्नास माणसं बसलेली असतात आणि गाडी टायमावर पोचवायची असते.

त्यांच्या खिशात एक छोटी डायरी असायची. पुढच्या पानांवर किलोमीटर, डिझेल, मुक्कामाच्या गाड्या. मागच्या पानांवर नुसती नावं: लिंब, विहीर. मेणवली, घंटा. कोयना, धरण जवळून. सागरेश्वर, हरणं. मिरज, सतारी. मी एकदा विचारलं, हे काय लिहिलंय? तर म्हणाले, "इथं एकदा उतरायचंय."

रिटायर झाल्यावर त्यांनी एका शाळेची जुनी सतरा सीटांची ट्रॅव्हलर घेतली आणि पुतण्याच्या गॅरेजात लावली. आठ महिने दोघं तिच्यातच होते. सीटा काढल्या, आतून प्लायवूड मारलं, मागे दोघांपुरता पलंग, त्याच्याखाली ऐंशी लिटरची पाण्याची टाकी, बाजूला फूटभर रुंदीचा ओटा आणि बेसिन, पाच किलोचा सिलिंडर, कोपऱ्यात पडदा लावून उचलून नेता येणारा छोटा संडास. टपावर दोन सोलर पॅनेल. आरटीओत कॅम्पर म्हणून नोंद करून घेतली. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही दहा दिवसांसाठी निघालो. लग्नाला अडतीस वर्षं झाली, पण इतके दिवस सलग दोघंच असे कधी घराबाहेर राहिलो नव्हतो.

पहिला दिवस: सातारा, लिंब, धोम

चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला आणि सात वाजता साताऱ्यातल्या गोडोलीतून बाहेर पडलो. लिंब साताऱ्यापासून जेमतेम सोळा किलोमीटर. या फाट्यावर हात दाखवणाऱ्यांसाठी हे शेकडो वेळा थांबले असतील, पण बारा मोटांची विहीर काही पाहिलेली नव्हती.

गावातून विहिरीकडे जाताना रस्ता अरुंद झाला आणि नेमका समोरून उसाचा ट्रॅक्टर आला. दोन ट्रॉल्या, वर आभाळाएवढा ऊस. त्याला मागे जाता येणं शक्यच नव्हतं. ह्यांनी आरशात पाहिलं आणि मला म्हणाले, "तू उतर. कंडक्टर हो." एसटीत घंटीचा नियम ठरलेला असतो: एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे जाऊ द्या. आमच्या गाडीला घंटी कुठली, म्हणून मी मागच्या पत्र्यावर थापा मारायच्या. दोन थापा, येऊ द्या. एक थाप, थांबा. दीडशे फूट गाडी त्यांनी अशी मागे घेतली की बाजूच्या तुरीच्या काडीलाही धक्का लागला नाही. पुढचे दहा दिवस हाच आमचा रिवाज झाला.

विहिरीपाशी मात्र आम्ही दोघंही गप्प झालो. १७१९ ते १७२४ या काळात थोरल्या शाहू महाराजांच्या घरातल्या वीरूबाईंनी ती बांधून घेतली. ११० फूट खोल, ५० फूट व्यासाची, वरून पाहिलं तर शिवलिंगाच्या आकाराची. पायऱ्या उतरून दरवाजातून आत गेलं की विहिरीच्या पोटातच एक छोटा महाल आहे, कोरीव खांबांचा. तिथं बसलं की खाली हिरवं पाणी आणि वरून येणारा गार वारा. वर दगडी थारोळी आहेत, एकूण पंधरा, म्हणजे एका वेळी बारा मोटा चालवून तीन राखीव. तीनशे आंब्यांची आमराई या पाण्यावर जगवली असं गावात सांगतात.

माझ्या माहेरी एकच मोट होती. बैल धावेवरून खाली जायचे, नाडा ताणला जायचा, कातडी मोट वर येऊन थारोळ्यात ओतायची आणि पाणी दंडानं पळायचं. चाकाची कुरकुर आणि वडलांची मोटेवरची गाणी मला अजून आठवतात. एका मोटेचा एवढा आवाज, तर इथं बारा मोटा एकदम चालत असताना काय होत असेल? हे थारोळ्याच्या दगडावर हात फिरवत उभे होते. डायरी काढून त्यांनी लिंबावर बारीक रेघ ओढली.

मुक्काम धोम धरणाच्या पाण्याकाठी, एका शेतकऱ्याला विचारून त्याच्या बांधालगत. गाडी सपाट उभी राहणं किती महत्त्वाचं असतं ते त्या रात्री कळलं. ओट्यावर ताटलीत पाणी ओतून पाहिलं तर सगळं एका काठाला. मग पुढच्या डाव्या चाकाखाली लाकडाच्या दोन फळ्या घातल्या, पुन्हा ताटली, पुन्हा फळी. तासाभरानं पाणी मधोमध राहिलं. घरून आणलेल्या भाकरी आणि गरम पिठलं खाल्लं. दारं-काचा घट्ट लावून झोपलो आणि पहाटे काचांवरून पाणी ठिबकत होतं, पांघरूण दमट. दोघांचा श्वास आणि स्वयंपाकाची वाफ आतच कोंडली होती. तेव्हापासून कितीही थंडी असली तरी दोन बाजूंच्या काचा दोन-दोन बोटं उघड्या ठेवल्या.

दुसरा दिवस: वाई, मेणवली, माहुली, सज्जनगड

वाईत ढोल्या गणपतीचं दर्शन घेतलं. मराठी विश्वकोशाचं काम या गावातून उभं राहिलं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी ते उभं केलं. कृष्णेच्या घाटावर बसून चहा घेताना ते आठवलं आणि या गावाबद्दल फार आपलेपणा वाटला.

मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि त्याच्यामागे नदीचा घाट. डायरीत लिहिलेली घंटा तिथल्या देवळात आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणून देवळांना दिल्या, त्यातली ही एक. तिच्यावर १७०७ हे साल आणि बाळाला घेतलेली मेरीमाता आहे. शिवाच्या दारात ती माउली इतकी वर्षं राहिली आहे आणि गावातल्या बायका तिलाही हात लावून नमस्कार करतात. मीही केला.

परत येताना संगम माहुली. कृष्णा आणि वेण्णेचा संगम, काळ्या दगडाची देवळं, न्यायासाठी नाव झालेल्या रामशास्त्री प्रभुण्यांचं गाव. इथं शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची, खंड्याची समाधी आहे. शिकारीत वाघ आल्याची त्यानं वेळीच चाहूल दिली, महाराजांचा जीव वाचला, असं सांगतात. आमच्या घरी चौदा वर्षं एक कुत्रा होता. ह्यांच्या रात्रीच्या गाडीची वेळ झाली की फाटकाशी जाऊन बसायचा. खंड्याच्या समाधीपाशी ह्यांनी चप्पल काढली.

संध्याकाळी सज्जनगडाच्या पायथ्याशी पोचलो. गड चढून समाधीचं दर्शन घेतलं. १६७३ मध्ये शिवाजी महाराजांनी परळीचा हा किल्ला घेतला, पुढे समर्थ रामदास इथं राहायला आले आणि १६८२ मध्ये इथंच त्यांनी देह ठेवला. टोकावरून खाली उरमोडीचं पाणी दिसत होतं. रात्री वाऱ्यानं गाडी पाळण्यासारखी हलत होती. मला झोप लागेना. ह्यांनी उठून गाडी वाऱ्याच्या तोंडाला वळवून लावली, मग हलायची थांबली.

तिसरा दिवस: चाफळ, पाटण, कोयनानगर

सकाळी सोलरचा एक बोल्ट रात्रीच्या वाऱ्यानं सैल झालेला दिसला. पान्हा घेऊन हे टपावर चढले आणि अर्ध्या तासात काम झालं. उंब्रजवरून आत चाफळला राममंदिर आणि समर्थांनी स्थापलेले मारुती पाहिले. दुपारचं जेवण तिथंच प्रसादाचं. पुढचा पाटणपासूनचा रस्ता माझ्या लहानपणाचा. कोयनेकाठची बारकी शेतं, भाताची वाळलेली खाचरं, वर पवनचक्क्या. कोयनानगरला एका लॉजच्या आवारात गाडी लावायला जागा मिळाली, पाण्याची टाकीही भरून घेता आली.

चौथा दिवस: कोयना

या दिवशी कुठंच गेलो नाही.

माझ्या आईचं माहेर कोयनेच्या पाण्याखाली आहे. धरणाचं पाणी चढायला लागलं तेव्हा तिची माणसं गाव सोडून निघाली. देव, जाती-पाटे, गुरं आणि दारांच्या चौकटी सोबत घेऊन. आई तेव्हा नव्यानं लग्न होऊन पाटणजवळ आलेली. ती म्हणायची, "मला माहेर हाय, पण वाट नाही." अंगणातला फणस, त्याच्या खोडाला धरून लागलेले फणस, ओढ्याचं पाणी हे सगळं मी तिच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की मला ते स्वतः पाहिल्यासारखं वाटतं.

सकाळी शिवसागराचं, म्हणजे धरणाच्या जलाशयाचं पाणी दिसेल अशा उंचवट्यावर गेलो. जानेवारीत पाणी बरंच असतं. निळं, हलतही नव्हतं. १०५ टीएमसीहून जास्त पाणी यात मावतं. कोयना पूर्वेला वाहणारी नदी, पण तिचं पाणी डोंगर फोडून पश्चिमेला कोकणात उतरवलं आणि पोफळीला जमिनीच्या पोटात वीजघर बांधलं. सगळे टप्पे मिळून १,९६० मेगावॉट वीज. घरात मी दिवा लावते तेव्हा त्यात थोडी कोयना असते, हे मला शाळेत शिकवलं होतं आणि त्याचा अभिमान वाटायचा. अजूनही वाटतो. पण त्या दिवशी काठावर उभं राहिल्यावर फक्त फणसाचं झाड आठवत राहिलं.

११ डिसेंबर १९६७. पहाटे चार वाजून एकवीस मिनिटं. मी तीन वर्षांची होते, मला आठवत नाही. आईला आठवायचं. जमिनीतून मोठ्या ट्रकचा यावा तसा आवाज आला, फडताळातली भांडी एकदम खाली आली, तिनं मला घोंगडीसकट उचललं आणि अंगणात पळाली. मागे घराची एक भिंत बसली. त्या भूकंपात पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली, कोयनानगर जवळजवळ सगळं पडलं. धरणाला तडे गेले, पण ते उभं राहिलं, नंतर त्याला आणखी मजबुती दिली. मोठ्या जलाशयामुळे होणाऱ्या भूकंपाचं उदाहरण म्हणून जगभर आज कोयनेचं नाव घेतात आणि जमिनीखाली काय चाललंय ते समजून घ्यायला कराडजवळ हजारमाचीला संशोधन केंद्र आहे. आई सांगायची, ती सगळी थंडी आम्ही घराबाहेर, पाचटाच्या खोपीत काढली.

दुपारी हे लॉजच्या आवारातून एक बादली घेऊन पाण्याकडे गेले. म्हटलं, कशाला? टाकी भरलेली आहे. काही बोलले नाहीत. पाणी आणलं, माझ्यापुढे ठेवलं. म्हणाले, "चिपळूणची गाडी घेऊन एवढी वर्षं इथनं गेलो. तू दोनदा माझ्याच गाडीत होतीस. कधी थांबवली नाही मी." मी त्या पाण्यानं पाय धुतले. माहेरी गेल्यावर उंबऱ्याशी धुतात तसे.

पाचवा दिवस: कराड

कराडला प्रीतिसंगमावर कोयना आणि कृष्णा समोरासमोर येऊन भेटतात. यशवंतराव चव्हाणांची समाधी तिथं आहे. सकाळी फिरायला आलेली गावची माणसं समाधीशी थांबून हात जोडून पुढे जात होती. आगाशिवच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत, साठाच्या वर. आम्ही खालच्या टप्प्यातली पाच-सहाच पाहिली, गुडघे पुढे चालेनात.

आमचा एक नियम होता, दिवस मावळल्यावर गाडी चालवायची नाही. उसाच्या हंगामात मागे दिवे नसलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. म्हणून साडेपाचलाच एका वस्तीजवळ, विहिरीच्या नळाशी, मालकाला विचारून गाडी लावली. पलीकडे उसतोड कामगारांच्या कोपी, म्हणजे झोपड्या होत्या. बीडकडची माणसं. पाणी भरायला एक बाई आली, कडेवर पोर. तिनं गाडीत डोकावून ओटा, पलंग, पडदा सगळं नीट पाहिलं. "यातच ऱ्हाता व्हय?" म्हणाली. मी म्हटलं, दहा दिवस. तिनं विचारलं, "दोघंच?" मी हो म्हटलं. "आम्ही बी दोघंच. एक कोयता."

उसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, कोयत्यावर मिळते, मोजदाद कोयत्याची होते. दिवाळीनंतर ते घर बंद करून निघतात आणि उन्हाळा लागला की परततात. पहाटे तीनला फड सुरू. तिच्या कोपीत एक चूल, एक पेटी, दोन गोधड्या, बाजेखाली दोन कोंबड्या. मला माझी गाडी दाखवताना अवघडायला झालं, आणि तिला तसं काही वाटत नव्हतं. तिला सगळ्यात आवडलं ते बेसिन. नळ उघडून तिनं पोराचं तोंड धुतलं. रात्री तिनं गरम बाजरीच्या भाकरी आणि ठेचा पाठवला, मी शेंगदाण्याचे लाडू दिले. पहाटे जाग आली तेव्हा कोपी रिकाम्या होत्या आणि लांब फडात बॅटऱ्या हलत होत्या.

सहावा आणि सातवा दिवस: चांदोली

शिराळ्यावरून वारणावतीला मुक्काम, आणि सातव्या दिवशी सकाळी चांदोली राष्ट्रीय उद्यान. आमची गाडी आत न्यायचा प्रश्नच नव्हता. भाड्याची जीप आणि सोबत गावातला वाटाड्या. २००४ मध्ये चांदोलीला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, ३१७ चौरस किलोमीटरचं रान. २०१० पासून कोयना अभयारण्य आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. वाघ दिसेल अशी आशा धरून आम्ही गेलो नव्हतो. गवे दिसले. सहा गवे, रस्त्यापासून पंचवीस पावलांवर, पायात पांढरे मोजे घातल्यासारखे. त्यातल्या एकानं मान वर करून आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा चरायला लागला. शेकरू दोनदा दिसलं, तांबूस, शेपटी अंगाहून मोठी.

झोळंबीच्या सड्याकडे जाताना वाटाड्यानं रानात एक जोतं दाखवलं. दगडांच्या दोन ओळी, उंबऱ्याची जागा आणि मागे जुना फणस. "हितं गाव होतं," तो म्हणाला. "माझ्या आज्याचं." अभयारण्यासाठी ही गावं बाहेर हलवली. आता तिथं अस्वलं येतात, फणस खायला. मी त्याला आईच्या फणसाचं सांगितलं. तो जीपमधून उतरला, झाडाला हात लावून आला आणि परत बसला. सडा म्हणजे काळा-तांबडा जांभा, मैलभर उघडा, पावसाळ्यात फुलांनी भरतो. आता त्यावर फक्त वाळलं गवत आणि ऊन. तिथं उभं राहिलं की आवाज म्हणून काही येत नाही, हे मी आयुष्यात पहिल्यांदा अनुभवलं. ह्यांचा डावा कान बोनेटच्या इंजिनाशेजारी बसून बसून मंद झालाय. त्यांना ती शांतता कशी लागली असेल, विचारलं नाही.

आठवा दिवस: सागरेश्वर

वाटेत बह्याचं रामलिंग बेट पाहिलं, कृष्णा दोन्ही अंगांनी वाहते, मधे देऊळ आणि समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक. दुपारी सागरेश्वर.

या अभयारण्याबद्दल ह्यांना फार ओढ होती, कारण त्यांनी हा डोंगर उघडा असताना पाहिलाय. विद्यार्थी असताना ते इथल्या नातेवाइकांकडे येत. नुसते दगड, कुसळी गवत, चरून चरून खरवडलेला माळ. पाऊस कमी, पाण्याचा पत्ता नाही. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी जवळच्या गावांना हाताशी धरून इथं रान उभं करायचं मनावर घेतलं. झाडं लावली, जगवली, कुंपण घातलं, हरणं आणून सोडली आणि १९८५ मध्ये अभयारण्य झालं. क्षेत्र अकरा चौरस किलोमीटरही नाही. माणसांनी ठरवून तयार केलेलं हे रान आहे, आणि आत गेल्यावर ते कुठं सुरू झालं असेल हे कळत नाही इतकं ते आता स्वतःचं झालंय.

संध्याकाळी पाणवठ्यापाशी चितळांचा कळप आला. आधी एक मादी, कान पुढे करून, मग बाकीची. त्यांच्या मागे दोन सांबर. आम्ही अर्धा तास हललो नाही. वरच्या पॉइंटवरून कृष्णेचं खोरं दिसतं, एवढं हिरवं की डोळ्यांत मावत नाही: ऊस, द्राक्षबागा, मधूनमधून साखर कारखान्यांचा धूर. एका बाजूला किर्लोस्करवाडी. १९१० मध्ये या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी नांगरांचा कारखाना आणि गाव वसवलं. पलीकडे कुंडल, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचं ठाणं. खुद्द यशवंतराव या डोंगराच्या पायथ्याच्या देवराष्ट्राचे, १२ मार्च १९१३ चा जन्म. एवढ्याशा मुलुखात किती माणसं झाली. हे बराच वेळ कठड्याला टेकून उभे होते. म्हणाले, "मी पाहिला तेव्हा इथं सावलीला झाड नव्हतं."

पायथ्याच्या सागरेश्वराच्या देवळांच्या समूहात रात्री उशिरापर्यंत बसलो. लहान लहान देवळं, प्रत्येकात पिंड, आणि कुंडाचं पाणी.

नववा दिवस: औदुंबर, सांगली, हरिपूर

औदुंबरला दत्ताच्या पादुकांचं दर्शन झालं. तासगावकडच्या एका बागेतून पाच किलो द्राक्षं घेतली, वर पांढरी साय असलेली, हात न लागलेली. सांगलीत गणपती, भडंग, आणि आयर्विन पूल. १९२९ चा पूल, कृष्णेला पूर आला की अख्खं शहर या पुलापाशी पाणी मोजतं. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. आज नदी खाली, शांत, काठावर कपडे धुणाऱ्या बायका. आमच्या मोठ्या नणंदबाई त्या पुरात चार दिवस गच्चीवर होत्या. त्यांनी आम्हाला भिंतीवरची पाण्याची खूण दाखवली. माझ्या डोक्याच्या वर हातभर.

हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम आहे आणि हळदीची पेवं. जमिनीत खोल खड्डा, तोंड माणूस उतरेल एवढंच. त्यात हळद भरून तोंड लिंपून टाकतात, आत हवा राहत नाही म्हणून कीड लागत नाही आणि वर्षानुवर्षं रंग टिकतो. २००५ च्या महापुरात पुष्कळ पेवं बुडाली. एका म्हाताऱ्या बाबांनी त्यांच्या बंद पेवाचं झाकण उघडून दाखवलं. आत काही नव्हतं. वास मात्र होता.

दहावा दिवस: मिरज

ख्वाजा शमना मीरा साहेबांच्या दर्ग्यात सकाळी गेलो. इथल्या उरुसात उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावानं रात्ररात्र गाणं होतं. दर्ग्यापासून जवळच सतारमेकर गल्ली. तिथं एका छोट्या दुकानात एक वयस्क चाचा तंबोऱ्यावर बसले होते. छताला वाळलेले भोपळे टांगलेले, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणारे. चाचा म्हणाले, आमचे पूर्वज शिकलगार, तलवारींना धार लावणारे. लढाया संपल्या, मग फरीदसाहेबांनी वाद्यं दुरुस्त करता करता ती बनवायला घेतली, आणि दीडशेहून जास्त वर्षं गल्ली यावरच जगते. अलीकडेच मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, ते त्यांनी दोनदा सांगितलं.

त्यांच्या समोरचा तंबोरा तयार होता, फक्त जवारी लावायची, म्हणजे तारांचा सूर खुलवायचा बाकी होता. तारा घोडीवरून, म्हणजे खालच्या आडव्या पट्टीवरून जातात. चाचांनी कानस घेऊन घोडीची पाठ दोन-तीनदाच घासली, फुंकर मारली, तार छेडली. आवाज आला, पण कोरडा. मग सुताचा एक बारीक धागा घेतला, तार आणि घोडी यांच्यामध्ये सरकवला आणि केसाच्या अंतरानं पुढे-मागे करू लागले. छेडायचं, सरकवायचं. छेडायचं, सरकवायचं. आणि एका जागी तो सूर एकदम उघडला. एकाच तारेतून अनेक आवाज, लांबत जाणारे, भिंतींना लागून परत येणारे. चाचांनी हात लगेच मागे घेतला.

हे पुढे वाकले होते, उजवा कान त्या बाजूला करून. चाचांच्या लक्षात आलं. त्यांनी ह्यांचा हात धरला आणि भोपळ्यावर ठेवला. "हितनं ऐका," म्हणाले. चारही तारा छेडल्या. ह्यांचा तो हात, ज्यानं एकतीस वर्षं स्टीअरिंग धरलं, भोपळ्यावर सपाट पडलेला, आणि मनगटापर्यंत थरथरत होता. कितीतरी वेळ चाचा छेडत राहिले. गिऱ्हाईक आलं तरी थांबले नाहीत.

दुपारी गाडीत आलो. ह्यांनी डायरी काढली, मिरजेवर रेघ ओढली आणि मागचं पान उलटलं. तिथं वेगळ्या शाईत आणखी नावं होती: कास, भाद्रपदात. औंध, संग्रहालय. मायणी, पक्षी. वासोटा, होडीनं. मी विचारलं, ही कधी लिहिली? म्हणाले, चांदोलीत, तू झोपली होतीस तेव्हा.

गल्लीत गाडी काढायला जागा नव्हती. मी खाली उतरले, मागे गेले, दोन्ही बाजूंना पाहिलं. एका पोराला सायकल बाजूला घ्यायला सांगितलं. मग पत्र्यावर दोन थापा मारल्या.